उणे भरून काढताना

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एके काळी सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मॅग्नेशियम, जस्त, सेलेनियम, ब गटातली जीवनसत्त्वे, ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाच्या पिवळसर कॅप्सूल. त्यांतल्या मॅग्नेशियमच्या बाटलीवर समोरच्या बाजूला ठळक आकडा होता, १००० मिलिग्रॅम. पाठीमागच्या बारीक अक्षरांत लिहिले होते की हे वजन मॅग्नेशियम ग्लायसिनेट या संयुगाचे असून त्यातले प्रत्यक्ष मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅम आहे. ती अक्षरे मी वाचली तेव्हा बाटली तळाला गेली होती. इतके दिवस मी ज्या आकड्यावर भरवसा ठेवून झोपायला जात होते, त्याच्या सातव्या हिश्श्याएवढेच मॅग्नेशियम माझ्या पोटात जात होते. यात कोणी मला फसवले होते असे नाही. संयुगाचे वजन आणि त्यातल्या खनिजाचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्ही बाटलीवर छापलेल्या होत्या. मला वाचायचे नव्हते, हेच खरे.

मला त्या काळात पहाटे चारला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागत नसे. दिवस उजाडला की अंघोळीला उठणेदेखील जिवावर यायचे. पुस्तक उघडले तर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचे, आणि ज्या माणसांवर माझा जीव होता त्यांचा फोन वाजला तरी तो उचलण्याचे बळ नसायचे. या सगळ्याला नैराश्य म्हणतात हे मला ठाऊक होते, पण तो शब्द स्वतःबद्दल उच्चारायला जीभ रेटत नव्हती. ‘कमतरता’ हा शब्द मात्र सहज उच्चारता येत होता. शरीरात काहीतरी कमी पडले आहे, ते बाजारात मिळते, ते गिळले की भरून येईल, या विचारात एक मोठा दिलासा होता. त्यात कोणाला काही सांगावे लागत नव्हते, कोणासमोर बसून रडावे लागत नव्हते. त्या दिलाशाच्या आधारावर मी डॉक्टरांकडे जाणे तब्बल आठ महिने लांबवले. आज हे लिहिते आहे ते त्या आठ महिन्यांसाठी. कारण माझा मूळ विचार खोटा नव्हता, अर्धा होता. आणि अर्ध्या विचाराच्या भरवशावर माणूस फार काळ अडकून पडू शकतो.

अन्नातल्या उणिवेने मन ढासळते, याचे दाखले वैद्यकाच्या इतिहासात स्पष्ट आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो माणसे मरत होती. त्वचा काळवंडून सोलपटायची, जुलाब लागायचे आणि त्याबरोबर उदासी, झोप उडणे, भ्रम अशी मनाची लक्षणे दिसायची. अनेकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हायची. हा रोग संसर्गाने पसरतो असा समज होता. १९१४ साली सरकारी आरोग्यसेवेतल्या जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे त्याचा तपास आला आणि त्यांच्या नजरेला एक साधी गोष्ट पडली. मनोरुग्णालयांतल्या आणि अनाथाश्रमांतल्या रहिवाशांना पेलाग्रा होत होता, पण त्यांच्यातच दिवसभर वावरणाऱ्या परिचारकांना तो होत नव्हता. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला नसता. भेद होता तो ताटात. रहिवाशांच्या वाट्याला मुख्यतः मका, काकवी आणि चरबीदार मांस यायचे, तर कर्मचाऱ्यांना दूध, अंडी आणि ताजे मांस मिळायचे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून गोल्डबर्गर यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या पत्नीनेही टोचून घेतले, आणि दोघांनाही काही झाले नाही. नेमका कोणता घटक कमी पडतो हे कळण्याआधीच, १९२९ साली, ते वारले. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी तो घटक म्हणजे निकोटिनिक आम्ल, आजच्या भाषेत नायसिन, असल्याचे दाखवले. ते मिळू लागल्यावर कित्येक रुग्णांचा गोंधळ थोड्याच दिवसांत ओसरला. ज्यांना वेडे ठरवले होते, त्यांतले अनेकजण खरे तर उपाशी होते. हे वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

दुसरा दाखला मिनेसोटा विद्यापीठातला. दुसरे महायुद्ध संपत आले असताना युरोपातल्या उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे शोधण्यासाठी अँसेल कीज यांनी १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने आले होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरी देण्यात आल्या, म्हणजे आधी मिळत होत्या त्याच्या साधारण निम्म्या. वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, ते अपेक्षितच होते. पण त्यांच्या मनाचे जे झाले ते मला अधिक जवळचे वाटते. हसतीखेळती मुले एकलकोंडी झाली. चिडचिड वाढली, लक्ष लागेनासे झाले, कशातच रस उरला नाही. काहीजण तासन् तास पाककृतींची पुस्तके वाचत बसायचे. एकाने पुढे कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची बोटे तोडून घेतली, आणि ते चुकून झाले की जाणूनबुजून हे त्याला स्वतःलाही सांगता आले नाही. निवड करताना मानसिकदृष्ट्या खंबीर म्हणून पारखून घेतलेली ही माणसे होती.

या प्रयोगाच्या शेवटच्या टप्प्याचा उल्लेख क्वचित होतो. तरुणांना पुन्हा खाऊ घालताना त्यांचे गट पाडले गेले. कोणाला कॅलरी कमी, कोणाला जास्त, कोणाला जोडीला जादा प्रथिने आणि जीवनसत्त्वे. शरीर सावरले ते पुरेशा अन्नाने. अन्न तोकडे असताना वरून दिलेल्या जीवनसत्त्वांनी फारसा फरक पडला नाही. आणि पोटभर मिळू लागल्यावरही मने काही लगेच सावरली नाहीत. पुष्कळांना त्यासाठी अनेक महिने लागले.

शेवटी थोरल्या बहिणीने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी सहाही बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या. एकेक फिरवून मागची अक्षरे वाचली, कागदावर टिपून घेतली. मग माझी झोप, भूक, पाळी, घरातली आजारपणे, आत्महत्येचे विचार येतात का, असे सगळे सविस्तर विचारले आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, थायरॉइड. खनिजांच्या दुनियेत मी इतकी फिरले होते, पण ज्याची कमतरता जगात सर्वाधिक आढळते, विशेषतः पाळी येणाऱ्या स्त्रियांत, त्या लोहाची बाटली माझ्या फळीवर नव्हती. लोहाभोवती काही नावीन्य नाही, म्हणून असेल कदाचित. माझे हिमोग्लोबिन काठावर होते आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन, तळाला गेलेले होते.

लोहाचा मनाशी संबंध नुसता रक्तापुरता नाही. सिरोटोनिन आणि डोपामिन ही रसायने मेंदूत तयार होताना ज्या दोन विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, गरज लागते, त्यांना काम करण्यासाठी लोह लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा आटला असेल तर थकवा आणि मरगळ जाणवू शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, थकव्याची तक्रार असलेल्या पण पंडुरोग नसलेल्या १९८ स्त्रियांपैकी काहींना रोज ८० मिलिग्रॅम लोह आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निष्प्रभ गोळ्या १२ आठवडे दिल्या गेल्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ निम्म्याने उतरला. निष्प्रभ गोळ्या घेणाऱ्यांचाही उतरला, पण कमी. नैराश्याच्या आणि चिंतेच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही.

हे निष्कर्ष मी बऱ्याच काळाने वाचले, आणि माझ्याच तीन महिन्यांची नोंद कोणीतरी ठेवली आहे असे वाटले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आले की जिना चढून आले आणि मधल्या वळणावर थांबले नाही. दुपारी डोके जड व्हायचे ते थांबले. पण पहाटे चारला जाग येणे आणि त्या वेळी छातीवर बसणारा दगड, हे तसेच राहिले. इतके दिवस मी ज्याला एकच ओझे समजत होते, ती दोन ओझी होती, एकावर एक रचलेली. वरचे लोहाने उतरवले. खालच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे औषध आणि आठवड्यातून एकदा होणारे समुपदेशन लागले, आणि ते पुष्कळ सावकाश हलले.

ब-१२बद्दल इथेच सांगायला हवे, जरी ते खनिज नसले तरी. ते निसर्गतः केवळ प्राणिजन्य अन्नात मिळते. त्यामुळे दूध-अंडीही न खाणाऱ्यांना ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून घ्यावेच लागते. वयोमानाने पोटातले आम्ल कमी झालेल्यांत, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटते. कमतरता वाढली की हातापायांना मुंग्या, विसराळूपणा आणि उदासी दिसू शकते. नुसते फॉलिक आम्ल भरपूर घेतले तर रक्तातला दोष झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. सहा बाटल्यांच्या माझ्या अंदाजपंचे कारभारात असे काही झाले असते तर मला कळलेही नसते.

आता मॅग्नेशियम, ज्याच्याविषयी मला सर्वाधिक विचारणा होते. त्याची कल्पना आकर्षक आहे आणि तिला शास्त्राचा आधारही आहे. मेंदूतल्या चेतापेशींवर ग्लुटामेट या उत्तेजक रसायनासाठी काही दारे असतात. एनएमडीए हे त्यांतल्या एका प्रकाराचे नाव. पेशी शांत असताना मॅग्नेशियमचा आयन या दाराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो आणि पेशी पुरेशी चेतवली गेली की बाजूला होतो. हे १९८४ पासून माहीत आहे. त्यावरून मॅग्नेशियम कमी पडले तर बूच सैल होऊन मेंदू विनाकारण चेतलेला राहत असेल, असा तर्क निघतो. तर्क सुंदर आहे, पण गिळलेल्या गोळीतले मॅग्नेशियम त्या दारापर्यंत किती पोचते आणि पोचल्याने माणसाचे दुःख किती हलके होते, हे तर्काने कळत नाही. त्यासाठी माणसांवरच चाचणी घ्यावी लागते. २०१७ मध्ये अमेरिकेत अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या १२६ जणांना रोज २४८ मिलिग्रॅम प्रत्यक्ष मॅग्नेशियम सहा आठवडे देण्यात आले, आणि त्या काळात २७ पैकी गुण देणाऱ्या प्रश्नावलीवर त्यांचे नैराश्य सरासरी सहा गुणांनी उतरले. सहा गुण ही थोडीथोडकी सुधारणा नव्हे. पण या चाचणीत निष्प्रभ गोळ्या नव्हत्या. आपण मॅग्नेशियम घेत आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि जे घेत नव्हते त्यांना आपण घेत नाही हेही ठाऊक होते. आशेने नैराश्यात किती फरक पडतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या एका गोष्टीचे वजन कळेल. मी पहिली गोळी घेतली त्या रात्री मला छान झोप लागली होती.

आपल्याला मॅग्नेशियम कमी आहे की नाही हे तपासणेही वाटते तितके सरळ नाही. शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातला निम्म्याहून अधिक भाग हाडांत आणि एक टक्क्याहून कमी रक्तद्रवात. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून उचल घेते, त्यामुळे अहवाल ठीक आला तरी तिजोरी भरलेली असेलच असे नाही. म्हणून इथे आहाराकडे आणि औषधांच्या यादीकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. पालेभाज्या, कडधान्ये, तेलबिया, सुकामेवा आणि कोंड्यासकट धान्य यांत ते भरपूर असते; धान्य पांढरेशुभ्र केले की त्यातला मोठा भाग निघून जातो. दीर्घकाळ मद्यपान, सततचे जुलाब, लघवी वाढवणारी काही औषधे आणि आम्लपित्तावरच्या विशिष्ट गोळ्यांचा वर्षभर किंवा अधिक वापर, यांत ते खरोखर घटू शकते. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्यांनी मात्र मॅग्नेशियमची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात आणि ते साठले तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतते.

जस्ताची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१३ साली १७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य असलेल्यांच्या रक्तात जस्ताचे प्रमाण इतरांपेक्षा सरासरीने कमी आढळले. पण शरीरात दाह असला की रक्तातले जस्त तसेही उतरते आणि नैराश्यात भूक मरते तेव्हा ताटातूनही जस्त कमी जाते. त्यामुळे आधी काय आणि मागून काय, हे एका रक्ततपासणीवरून सांगता येत नाही. औषधाला जोड म्हणून जस्त दिल्याच्या काही लहान चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत, एवढेच मी म्हणेन. त्याचबरोबर, मोठ्या माणसांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते आणि तिच्या वर दीर्घकाळ गेले की आतड्यात तांब्याचे शोषण अडते. त्यातून पंडुरोग आणि मज्जातंतूंचा विकार होऊ शकतो. माझ्या फळीवर जस्त दोन बाटल्यांत होते, एकदा स्वतंत्र आणि एकदा ब जीवनसत्त्वांच्या मिश्रणात. दोहोंची बेरीज डॉक्टरांनी केली, मी कधी केली नव्हती.

मग ज्यांना कसलीच ठळक उणीव नाही, त्यांनी सावधगिरी म्हणून गोळ्या घेतल्या तर? या प्रश्नावर सुदैवाने मोठे काम झाले आहे. युरोपातल्या चार देशांत, वजन जास्त असलेल्या आणि नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १०२५ जणांवर वर्षभर चाललेल्या ‘मूडफूड’ चाचणीत काहींना ओमेगा-३, सेलेनियम, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची एकत्रित पूरके दिली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की त्यांनी नैराश्य टळले नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीच्या नैराश्यविषयक भागात पन्नाशी ओलांडलेले १८,३५३ जण होते आणि सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ त्यांचा पाठपुरावा झाला. रोज २००० युनिट ड जीवनसत्त्वाने नैराश्याचा धोका कमी झाला नाही, आणि माशाच्या तेलानेही झाला नाही. माझ्या फळीवरची जवळजवळ निम्मी ओळ या दोन चाचण्यांतच निकालात निघाली. वाचून वाईट वाटले, हे कबूल करते, कारण त्या बाटल्यांनी मला काही वाईट दिवसांत सोबत केली होती. पण घागर भरलेली असेल तर वरून ओतलेले पाणी वाहूनच जाणार.

खनिजांच्या या कथेत एक अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिले आणि त्यांचा उन्माद शमल्याचे नोंदवले. मातीत आणि पाण्यात आढळणारे हे साधे मूलद्रव्य आज द्विध्रुवी विकाराच्या, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजाराच्या, उपचारातले एक मुख्य औषध आहे, काही हट्टी नैराश्यांत जोड म्हणून दिले जाते आणि आत्महत्येचा धोका कमी करते. पण ते उणीव भरून काढत नाही. ते औषध म्हणून, औषधाच्या मात्रेत काम करते. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर इतके थोडे आहे की रक्तातली पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड नियमित तपासावे लागतात. आहारातले मीठ अचानक तोडले तर लिथियम शरीरात साठून पातळी चढते. केड यांचा शोध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून विकले जात होते. ते भरमसाठ वापरून हृदयरोगी माणसे विषबाधेने दगावली आणि ते बाजारातून काढावे लागले. ‘हे काय, खनिजच तर आहे’ असे कोणी म्हणाले की मला ती माणसे आठवतात.

आता ताटाकडे येते. गोळ्यांपेक्षा आहाराबद्दल माझी आशा जास्त आहे, आणि ती आंधळी नाही असे मला वाटते. ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘स्माइल्स’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण. निम्म्यांना आहारतज्ज्ञाच्या सात भेटी आणि भूमध्यसागरी धाटणीचा आहार: भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल, गोड, तळलेले आणि कारखान्यात बनवलेले खाणे कमी. उरलेल्यांना तेवढ्याच भेटी, पण त्यांत कोणीतरी समोर बसून गप्पा मारायच्या किंवा पत्ते खेळायचे. १२ आठवड्यांनंतर आहाराच्या गटातल्या सुमारे ३२ टक्के जणांचे नैराश्य जवळजवळ ओसरले होते आणि गप्पांच्या गटात ८ टक्क्यांचे. बहुतेकजण आपले औषध किंवा समुपदेशन चालू ठेवूनच यात उतरले होते. आहार उपचाराच्या जोडीला होता, जागी नव्हता. संख्या लहान होती आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लपवणे शक्यच नव्हते, कारण ताटातली भाजी लपवता येत नाही. आणखी एक अट होती, जी मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांचा आहार मुळात निकृष्ट होता, अशांनाच या चाचणीत घेतले होते. म्हणजे इथेही उणे होते तिथेच भरले गेले. फक्त ते उणे एका खनिजाचे नव्हते, सगळ्या ताटाचे होते.

अख्ख्या अन्नात मॅग्नेशियम एकटे येत नाही; त्याच्याबरोबर चोथा येतो, लोह, जस्त आणि फोलेट येते, आणि चावायला लागणारा वेळही येतो. कडधान्यांतल्या फायटेट या खनिजांना बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे लोह आणि जस्त अडून राहते, पण भिजवून मोड आणले किंवा आंबवले की ती गाठ सैल होते. जेवणात क जीवनसत्त्व असले की वनस्पतींतले लोह चांगले मुरते, तर जेवणाला लागून घेतलेल्या चहा-कॉफीने ते अडते. बाटल्यांच्या मागे लागण्याआधी मी या साध्या गोष्टी शिकले असते तर बरे झाले असते.

पण याच ठिकाणी मला सर्वाधिक जपून बोलावेसे वाटते. ‘नीट खा म्हणजे बरे वाटेल’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडी मायेचे असते आणि ऐकणाऱ्याच्या कानात आरोप होऊन शिरते. भूक मरणे किंवा नको तितकी वाढणे हे स्वतःच नैराश्याचे एक लक्षण आहे. भाजी निवडायची, धुवायची, चिरायची, फोडणीला टाकायची, मग भांडी घासायची, ही साखळी निरोगी माणसाला दिसतही नाही; त्या दिवसांत मला तिची प्रत्येक कडी वेगळी दिसायची आणि पहिल्याच कडीशी हात गळून पडायचे. वाईट खाल्ल्याने नैराश्य येते की नैराश्याने खाणे बिघडते, हा प्रश्न संशोधक फार काळजीने हाताळतात. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे ३५०० जणांचा आहार आधी नोंदवून पाच वर्षांनी त्यांचे नैराश्य मोजले गेले, आणि प्रक्रिया केलेले अन्न जास्त खाणाऱ्यांत ते अधिक आढळले. म्हणजे बाण आहाराकडून मनाकडे जात असावा. पण जगताना तो दोन्ही बाजूंनी रुततो, आणि आजारी माणसाला ‘तू नीट खात नाहीस म्हणून’ असे ऐकवले की तो आणखी खोल जातो.

ताईने हे कधी ऐकवले नाही. ती यायची, दोन अंडी उकडायची, सोलून बशीत ठेवायची, वर चिमूटभर मीठ टाकायची आणि शेजारी बसून स्वतःचे काहीबाही काम करत राहायची. ‘दोन घास खा गं,’ एवढेच म्हणायची, तेही एकदाच. मी एक अंडे खाल्ले तर दुसरे झाकून ठेवायची. त्या बशीत लोह किती, ब-१२ किती, याचा हिशेब तिने केला नव्हता. मला आज तो करता येतो, आणि तरीही माझ्यावर नेमका गुण कशाचा आला हे मला त्यातून वेगळे काढता येत नाही. ‘स्माइल्स’मधल्या आहारतज्ज्ञाच्या सात भेटींतही असेच काहीतरी मिसळलेले असणार, असे मला राहून राहून वाटते.

मागच्या महिन्यात एका मावसबहिणीचा रात्री उशिरा निरोप आला. ‘तायडे, तू मॅग्नेशियम घेत होतीस ना? कोणतं चांगलं? झोप येत नाहीये.’ आधी मी प्रकार आणि मात्रा लिहायला घेतल्या, ग्लायसिनेट, सायट्रेट, मागच्या बाजूची बारीक अक्षरे कशी वाचायची, सगळे. मग ते खोडले आणि विचारले, ‘आज काय काय खाल्लंस?’ ती टाइप करते आहे असे दिसत राहिले, थांबले, पुन्हा दिसू लागले. बऱ्याच वेळाने उत्तर आले, ‘आठवत नाही गं.’

मी फोन लावला.